शिलेदाराचा घोडा आणि भिशीची वही



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही 'एकट्याने काम करणाऱ्यांची सोबत' असे सांगितले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले, क्षणभर थांबले आणि विचारले, "म्हणजे वृद्धांविषयी बोलणार का?" आम्ही म्हटले, "नाही. ज्यांना साहेब नाही, हजेरीपट नाही आणि एक तारखेला ज्यांच्या घरी पगार येत नाही, अशा लोकांविषयी." त्यावर ते हसून म्हणाले, "मग ते तर सुखी लोक!" हा समज केवळ चिटणिसांचा नाही. पुष्कळांचा आहे, आणि खरे सांगायचे तर, नोकरी सुटेपर्यंत तो आमचाही होता.

आमचा धंदा मुद्रिते तपासण्याचा. कोणाचे पुस्तक छापून व्हायचे असले की त्याची कच्ची पाने आमच्याकडे येतात, आणि त्यांतले ऱ्हस्वदीर्घ, गळलेल्या ओळी, उलटसुलट झालेले आकडे आम्ही समासात खुणा करून दाखवतो. १९९४ पर्यंत हे काम आम्ही एका छापखान्यात पगारावर करीत होतो. तो छापखाना बंद झाला आणि तेव्हापासून तेच काम आम्ही घरी बसून करतो. पूर्वी काखोटीला गॅल्या मारून आप्पा बळवंत चौकात हेलपाटे घालावे लागत. आता पीडीएफ येते. हेलपाटे कमी झाले, आणि त्याबरोबर माणसे दिसण्याचेही कमी झाले, एवढाच काय तो फरक.

आमच्या वर्गाला इंग्रजीत फ्रीलान्सर म्हणतात. हा शब्द मोठा गमतीचा आहे. वॉल्टर स्कॉटची 'आयव्हॅन्हो' ही कादंबरी १८१९च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, आणि तीतल्या एका सरदाराच्या तोंडी आपल्या भाडोत्री भालाइतांसाठी हा शब्द आला. कोणा एका राजाशी बांधलेला नाही, जो पैसा देईल त्याच्यासाठी भाला उचलणारा, तो मोकळा भालाईत. मराठीत आता 'मुक्त व्यावसायिक' असा शब्द रूढ झाला आहे. आम्हांस तो फारसा आवडत नाही. त्यात 'मुक्त' ह्या शब्दाला उगाचच मोक्षाचा वास येतो. त्यापेक्षा आपल्या लष्करातच एक चांगला शब्द पडलेला आहे. तो म्हणजे शिलेदार.

मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत, हे शाळेत आपण सर्वांनी पाठ केले आहे. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे तो. आणि शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई तो. शाळेत आपल्याला शिलेदार अधिक रुबाबदार वाटत असे. पण हिशेब मांडून पाहा. लढाईत बारगिराचा घोडा पडला तर नुकसान सरकारचे. स्वाराला दुसरा घोडा मिळे. शिलेदाराचा घोडा पडला तर मात्र त्याची उपजीविकाच पडली. घरी वाट पाहणारी माणसे आहेत, घोड्याचे कर्ज कदाचित फिटलेले नाही, अशा स्थितीत माणूस शत्रूबरोबर घोड्याचाही विचार करणारच. आज जो टेबलावर स्वतःचा संगणक, स्वतःचा कॅमेरा, स्वतःची शिलाईयंत्रे घेऊन चार गिऱ्हाइकांची कामे करतो, तो शिलेदार आहे. त्याचा घोडा म्हणजे त्याचे डोळे, त्याचा हात, त्याची पाठ.

ह्या शिलेदारीची पुढची हकीकत शाळेत सांगत नाहीत, आणि आमच्या विषयाला तीच महत्त्वाची आहे. ही पद्धत कंपनी सरकारने आणि पुढे ब्रिटिश सरकारने आपल्या हिंदी रिसाल्यांत उचलली. स्वाराला पगार थोडा जास्त, पण घोडा आणि सरंजाम त्याने पाहावा, असा तो व्यवहार होता. मग घोडा मेला तर? त्यासाठी रिसाल्यात चंदा फंड असे. दरमहा प्रत्येक स्वाराच्या पगारातून थोडी वर्गणी त्यात पडायची, आणि ज्याचा घोडा मरे त्याला त्या चंद्यातून नवा घोडा मिळण्याची सोय व्हायची. म्हणजे शिलेदार राहूनही घोड्याचा धोका एकट्याने न सोसण्याची युक्ती ह्या मंडळींना सापडली होती. घोडा ज्याचा त्याचा, पण त्याच्या मरणाची भीती मात्र सगळ्यांत वाटून घेतलेली. आम्हांला ही गोष्ट कळायला आमचा स्वतःचा घोडा लंगडा व्हावा लागला, ती हकीकत आता सांगतो.

२०११चा पावसाळा. एका पुस्तकाचा तिसरा फर्मा वाचीत असता डाव्या डोळ्यापुढे एका बाजूने काळा पडदा सरकत आला. प्रथम वाटले दिव्याचा दोष असेल. दिवा बदलला. पडदा तसाच. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितले की डोळ्याच्या आतला पडदा सुटला आहे, ताबडतोब शस्त्रक्रिया केली पाहिजे. ती झाली. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात, आणि तो योग्य जागी दाबून राहावा म्हणून दिवसेंदिवस मान खाली घालून बसावे लागते. ज्याने आयुष्यभर मान खाली घालूनच पोट भरले त्याला ही शिक्षा म्हणायची की सवय, असा विनोद आम्ही तेव्हा करीत होतो. पण तो विनोद आठवडाभर टिकला. मान खाली होती, आणि समोर कागद नव्हता. पुढे चष्म्याचा नंबर स्थिर होईपर्यंत वाचनाचे नाव काढायचे नाही असा हुकूम झाला. त्यात तीन महिने गेले.

पैशाची ओढाताण झाली ती झालीच. तिचे रडगाणे येथे गाण्याची इच्छा नाही. आम्हांस जे लागले ते निराळेच. फोन वाजेना. नोकरीतला माणूस आठ दिवस कचेरीत दिसला नाही तर निदान शिपाई तरी विचारतो, "साहेब आजारी आहेत का?" आमचे चार प्रकाशक होते. ते सगळे सज्जन आणि ओळखीचे. त्या चौघांपैकी प्रत्येकाला वाटत होते की आम्ही उरलेल्या तिघांच्या कामांत गुंतलो आहोत. ही चूक कोणाचीच नाही. पण चार ठिकाणी काम करणारा माणूस एका अर्थाने कुठेच हजर नसतो, त्यामुळे तो कुठेच गैरहजरही लागत नाही, हे आम्हांला वयाच्या पन्नाशीत त्या खुर्चीवर मान खाली घालून बसलेले असता समजले.

पाचव्या आठवड्यात दाराची कडी वाजली. एक बाई आल्या होत्या. त्या आमच्याच धंद्यातल्या. त्यांचे नाव आम्ही पंधरा वर्षे ऐकत होतो, दोनचार प्रकाशन समारंभांत नमस्कारही झाले होते, आणि मनातून आम्ही त्यांना टाळीत होतो. कारण आमची निम्मी कामे त्यांनी ओढून नेली, असा आमचा पक्का ग्रह होता. त्या खुर्चीवर बसल्या आणि पिशवीतून आमच्याच हाताच्या खुणा असलेला गठ्ठा काढून म्हणाल्या, "अहो, तुमच्या खुणा पान एक्केचाळीसच्या मध्यावर थांबल्यात. पुढचं काम त्यांनी माझ्याकडे पाठवलं. मी म्हटलं, हा माणूस ओळीच्या मधेच पेन्सिल खाली ठेवणारा नव्हे. काहीतरी झालं असणार. म्हणून पत्ता काढला."

ह्यानंतर त्यांनी उरलेले पुस्तक पुरे केले, आणि पहिल्या चाळीस पानांचे पैसे प्रकाशकाकडून मागून आणून आमच्या सौभाग्यवतींच्या हाती दिले. ते देताना हिशेब निघाला. त्याच प्रकाशकाकडून आम्ही पानाला नऊ रुपये घेत होतो, बाई बारा. आणि गंमत अशी की आम्हांला पंधरा मिळत असतील अशा समजुतीने त्या बिचाऱ्या मनातून आमच्यावर चडफडत होत्या! एकाच दाराने आत-बाहेर करणारी दोन माणसे पंधरा वर्षे एकमेकांना शत्रू समजत होती, आणि त्यांनी एकमेकांना चार शब्दही विचारले नव्हते: तुम्हांला पानाला काय मिळते? एकटेपणाची किंमत आम्हांला त्या दिवशी रोख आकड्यात कळली. पानामागे तीन रुपये.

त्यातूनच २०१२च्या जानेवारीत आमचे मंडळ सुरू झाले. मंडळ हा शब्द फारच भारदस्त झाला. त्याला नाव नाही, शिक्का नाही, अध्यक्ष नाही. अकरा माणसे आहेत. चार मुद्रितशोधक, तीन भाषांतरकार, दोन अक्षरजुळणी करणारे, एक मुखपृष्ठे काढणारे चित्रकार, आणि एक छायाचित्रकार, जे लग्नसराईत लग्ने घेतात आणि एरवी पुस्तकांसाठी छायाचित्रे काढतात. महिन्याच्या पहिल्या शनिवारी पाळीपाळीने एकाच्या घरी जमायचे. पहिले दोन महिने नुसता चहा आणि प्रकाशकांची निंदा झाली. निंदेचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही; कचेरीतल्या माणसाला जेवणाच्या सुट्टीत ती रोज फुकट मिळते, आम्हांला ती महिन्यातून एकदाच मिळते. पण नुसत्या निंदेवर कोणतेही मंडळ वर्षभर चालत नाही.

तिसऱ्या शनिवारी वही आली. भिशी आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. दहा-बारा जणांनी दरमहा ठरावीक रक्कम घालायची आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याने ती सगळी उचलायची. आम्ही भिशीच केली, फक्त चिठ्ठी काढून टाकली. प्रत्येकाने महिन्याला तीनशे रुपये घालायचे, ते बँकेत संयुक्त खात्यावर राहायचे, आणि जो आठ दिवसांहून अधिक आजारी पडेल त्याला आठवड्याला दोन हजार, फार तर आठ आठवडे, द्यायचे. दाखला मागायचा नाही. दोघांनी घरी जाऊन पाहून यायचे. ह्या पाहून येण्याला आम्ही पैशापेक्षाही जास्त मान देतो. कारण तपासणी आणि विचारपूस ही दोन्ही कामे त्यात एकदम होतात आणि आजाऱ्याला त्यातली फक्त दुसरीच दिसते.

वहीच्या दुसऱ्या बाजूने दर लिहिले गेले. कोण पानाला काय देतो, किती दिवसांनी देतो, कोणाकडे तीनदा आठवण करावी लागते. हे लिहायला मंडळी प्रथम किती लाजली म्हणून सांगावे! पगाराचा आकडा विचारणे आपल्याकडे असभ्य मानतात, आणि मिळकतीचा आकडा सांगणे त्याहून. एक ज्येष्ठ भाषांतरकार दोन बैठका गप्पच राहिले. तिसऱ्या बैठकीत त्यांनी आपला आकडा सांगितला. तो खोलीतला सर्वांत लहान आकडा होता. तीस वर्षांच्या अनुभवाच्या माणसाचा! त्यानंतर वहीत कोणी काही लपवले नाही.

सगळे गोडगोड झाले असे मात्र समजू नये. आमचा एक नियम असा होता की एखादा आजारी पडला तर त्याचे काम दुसऱ्याने करायचे, पण गिऱ्हाईक परत करायचे. आमच्यातल्या एका गृहस्थांनी ते केले नाही. त्यांचे म्हणणे असे की प्रकाशकालाच त्यांचे काम अधिक आवडले, त्याला ते काय करणार? ह्यावर दोन शनिवार भांडण झाले, आणि ते गृहस्थ मंडळ सोडून गेले. त्यांची जागा पुढे दुसऱ्या कोणी घेतली. आज मागे वळून पाहता आम्हांला वाटते की त्यांच्या बोलण्यात थोडे तथ्य होते. गिऱ्हाईक म्हणजे काही गाय नव्हे, की दावे धरून परत नेऊन बांधावी. तो नियम आम्ही नंतर सैल केला: परत करण्याचा मनापासून प्रयत्न करायचा, आणि न जमल्यास तीन महिन्यांच्या त्या कामाची अर्धी मिळकत आजाऱ्याला द्यायची. पण तोवर एक चांगला माणूस गेला होता, आणि तो परत आला नाही.

आठ वर्षांत सात जणांना वहीतून मदत गेली. एक बाळंतपण, एक हाडमोड, एक कावीळ, अशी ही यादी. खात्यात दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास जमले होते, आणि आम्ही स्वतःवर बरेच खूष होतो. अशात २०२०चा मार्च उजाडला.

टाळेबंदी झाली. छापखाने थांबले, पुस्तकांची दुकाने बंद झाली, लग्ने रद्द झाली. आजवर आमच्यातला एक पडे आणि दहा उभे असत. आता अकराही एकदमच पडले. आठवड्याला दोन हजार प्रमाणे अकरा जणांना बावीस हजार. म्हणजे आठ वर्षांची शिल्लक अकरा आठवड्यांत संपणार. ज्यांच्या घरी दुसऱ्या कोणाचा पगार किंवा निवृत्तिवेतन होते अशा तिघांनी आपण होऊन हात मागे घेतला, म्हणून ती पंधरा आठवडे पुरली. जुलैमध्ये खाते रिकामे झाले. फोनवरून बैठका चालू राहिल्या हे खरे, आणि त्या नसत्या तर आमच्यातले दोघे-तिघे मनाने फार खाली गेले असते हेही खरे. पण किराणा दुकानदार बैठकीवर सामान देत नाही.

तेव्हा आम्हांला चंदा फंडाचा शेवट आठवला. रिसाल्यांतली ती शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धाने मोडली. शांततेच्या काळात, लहानसहान मोहिमांत, एखादा-दुसरा घोडा मरत असता चंदा उत्तम चाले. पण समुद्रापार लांबलेल्या युद्धात घोड्यांची, सामानाची आणि माणसांची भरती ज्या प्रमाणात लागली, ती स्वारांच्या आपसातल्या व्यवस्थेला पेलेना. युद्धानंतर ती पद्धत काढून टाकून घोडे सरकारने पुरवायचे ठरले. आमच्या भिशीच्या वहीची मर्यादा तीच आहे. एकाचा घोडा मेला तर ती धावून जाते. सगळी पागाच आजारी पडली तर तिच्याने काही होत नाही.

मग काय करावे? येथे आम्ही आमच्यासारख्या पांढरपेशांना एक गोष्ट जरा स्पष्ट सांगू इच्छितो. हा प्रश्न आम्हांला नवा वाटतो तो आमच्या अज्ञानामुळे. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या माणसांना तो आमच्या आधी पडला आणि त्यांनी त्याचे उत्तर आमच्या आधी शोधले. बाजारातला हमाल हा पहिल्या प्रतीचा शिलेदार. सकाळी एका गाळ्यावर पोती उतरवतो, दुपारी दुसऱ्या. त्याचा मालक कोण? प्रत्येक व्यापारी म्हणणार, मी नव्हे. डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांची संघटना बांधली, आणि त्या सगळ्या धडपडीतून महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. त्यातली कल्पना साधी पण विलक्षण आहे. मालक एक सापडत नाही ना? मग सगळ्या व्यापाऱ्यांची आणि सगळ्या हमालांची नोंद एका मंडळाकडे करा. व्यापाऱ्याने मजुरी त्या मंडळात भरायची, आणि मजुरीवर ठरावीक टक्के अधिक भरायचे. त्या अधिकातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचे पैसे, औषधपाणी. चार ठिकाणी काम करणाऱ्याला चारही ठिकाणांहून थोडे थोडे मिळून एक पुरी नोकरी झाली. आमच्या चार प्रकाशकांबाबत असे काही करावे, हे आम्हांला स्वप्नातसुद्धा सुचले नव्हते. त्या मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी आहेत, हे आम्ही जाणतो. पण कल्पनेचा मोठेपणा त्याने कमी होत नाही.

दुसरे उदाहरण शेजारच्या अहमदाबादचे. इला भट्ट यांनी १९७२ साली घरी बसून शिवणाऱ्या, डोक्यावर माल वाहणाऱ्या, हातगाडीवर भाजी विकणाऱ्या बायकांची 'सेवा' ही संघटना काढली, तेव्हा सरकारी कचेरीने तिची कामगार संघटना म्हणून नोंद करायला प्रथम नकार दिला. मुद्दा असा की ह्यांना मालकच नाही, तेव्हा ह्या लढणार कोणाशी? त्यावर बायकांचे उत्तर असे की संघटना कोणाविरुद्ध असावी लागते असे नाही, ती कामगारांच्या एकीसाठी असते. नोंद झाली. दोन वर्षांनी, १९७४मध्ये, चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये भांडवल घालून स्वतःची सहकारी बँक काढली. आम्ही अकरा जण तीनशे रुपयांच्या वहीवर खूष होतो, तेव्हा ही चाळीस हजारांची गोष्ट आमच्या ध्यानात असती तर बरे झाले असते.

परदेशातले एकच सांगतो, कारण ते आमच्या वहीचे सख्खे भावंड आहे. नेदरलँड्समध्ये स्वतंत्र धंदा करणाऱ्यांसाठी अपंगत्वाचा सरकारी विमा होता. तो २००४ साली बंद करण्यात आला. खाजगी विमा महाग. तेव्हा २००६पासून तेथे 'ब्रोडफोन्ड्स', म्हणजे भाकरीचा फंड, निघू लागले. वीस ते पन्नास माणसांचा एक गट. प्रत्येकाने दरमहा आपापल्या खात्यात पैसे टाकायचे; कोणी आजारी पडला की इतरांच्या खात्यांतून त्याला थोडी थोडी रक्कम देणगी म्हणून जायची, फार तर दोन वर्षे. पन्नासांहून मोठा गट मुद्दामच करीत नाहीत, कारण पुढे माणसे एकमेकांना ओळखेनाशी होतात आणि मग दाखले मागावे लागतात. अगदी आमच्या पाहून येण्यासारखेच! पण २०२० साली त्या देशाच्या सरकारलाही ह्या लोकांसाठी तात्पुरत्या मदतीची निराळी योजना काढावी लागली. भाकरीचा फंडही पागेच्या आजारावर औषध नव्हे.

आपल्याकडे संसदेने २०२० साली सामाजिक सुरक्षेची संहिता केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आली. मोबाइलवरच्या मंचांवरून कामे घेणाऱ्यांचे, म्हणजे घरोघर जेवण पोचवणाऱ्यांचे, गाड्या चालवणाऱ्यांचे नाव कायद्यात प्रथम तेथे आले, आणि त्या मंचांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी घेण्याची तरतूद तीत आहे. माथाडीचीच नात म्हणायची. ती किती बाळसे धरते ते पाहायचे. मात्र आमच्या चार प्रकाशकांपैकी कोणीही मंच नाही, हेही नमूद केले पाहिजे.

आता एक व्यवहाराची गोष्ट, कारण समोर बरीच तरुण मंडळी दिसत आहेत. आपल्यातल्या पुष्कळांचे पैसे सहासहा महिने अडकलेले असतील. २००६च्या लघुउद्योगांच्या कायद्यात असे आहे की नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, करारात काहीही लिहिले असले तरी, ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. सेवा देणारा एकटा माणूसही 'उद्यम' ह्या नावाची ही नोंदणी करू शकतो. तिला पैसे पडत नाहीत. नोंदणी काम घेण्यापूर्वी करावी, नंतर धावाधाव करून उपयोग नाही.

आमच्यातल्या एका भाषांतरकार मुलीने हा कायदा वाचला आणि एका संस्थेला तसे पत्र लिहिले. पैसे चार दिवसांत आले. पुढचे काम मात्र कधीच आले नाही. मग शनिवारच्या बैठकीत ठरले की आम्ही अकराही जणांनी आपापल्या बिलांच्या तळाशी एकच ओळ छापायची: अमुक कायद्यान्वये रक्कम ४५ दिवसांत देय. कोणावर रोख नाही, तक्रार नाही, नुसती ओळ. त्या ओळीमुळे आजवर एकाही माणसाचे काम गेले नाही, आणि पैसे पूर्वीपेक्षा लवकर येतात. एकटीने लिहिलेले पत्र भांडण ठरले, आणि अकरा जणांनी छापलेली तीच गोष्ट रीत ठरली.

वही आम्ही २०२१मध्ये पुन्हा सुरू केली. वर्गणी आता पाचशे आहे. नियमांत एक नवा नियम घातला: सर्वांचेच काम एकदम थांबले तर वही फुटायची नाही, ती फक्त आजाऱ्यासाठी राखायची. हा नियम कठोर आहे, आणि पुन्हा तसा प्रसंग आला तर आम्ही तो पाळू की नाही ह्याची आम्हांला खात्री नाही.

गेल्या दिवाळीत त्या बाई, ज्या आमच्या दारी गठ्ठा घेऊन आल्या होत्या, जिन्यात पडल्या आणि उजव्या हाताचे मनगट मोडले. एका शब्दकोशवजा पुस्तकाचे शेवटचे चार फर्मे हातात, आणि मुदत आठ दिवसांची. पाहून येण्याची पाळी आमची होती. आम्ही गेलो ते पेन्सिल घेऊनच. जुन्या छापखान्यात जशी प्रत वाचीत, एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने छापील पानावर खुणा करायच्या, तसे आम्ही बसलो. बाई मूळ प्रत वाचीत होत्या आणि आम्ही छापील पानावर खुणा करीत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी वाचता वाचता त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "आत्ताच्या ओळीला तुमची पेन्सिल वाजायला हवी होती. वाजली नाही."

पान पाहिले. एक वेलांटी खरेच सुटली होती.